मोरीत सांडलेलं दूध

पुणे

आई, तुझ्या पायावर डोकं ठेवते.

मी बरी हाय, जेवण वेळेवर व्हायलंय. सोनूच्या जिभेवरचे पांढरे चट्टे गेले का? डॉक्टरचं औषध लावत जा. शेळीचं दूध पाजतीस म्हणून तुला दोष न्हाई. तान्हं लेकरू सोडून नोकरीवर आले ती मीच.

इथं प्रयोगशाळेत आईच्या दुधातल्या एका खास साखरेचा अभ्यास चाललाय. ती साखर लेकराला पचत न्हाई, पण तोंडातल्या पेशींना रोगाशी लढायला मदत करत असावी. अजून पक्कं न्हाई. तपासणीला दूध द्यायला येणाऱ्या बायांना हे मीच समजावते.

काल त्यातल्या एकीनं इचारलं, “ताई, तुमचं बाळ अंगावर पितं ना?”

“पितं की,” मी म्हणाले. मग छाती ठणकायली म्हणून मोरीत जाऊन दूध पिळून सांडलं. आई, लय लाज वाटली.

शेवटी प्रयोगशाळेच्या मॅडमना रडत खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बाळाला घेऊन ये. मागची खोली तुला राहायला देते.”

तू सोनूला घेऊन येशील का? शेळ्या रामहरीदादा बघंल. सेलूच्या टेसनावर पुण्याच्या गाडीत बसवूनबी देईल.

दूध अजून येतंय, पण रोज कमी व्हायलंय.

तुझी लेक,
राजेश्री