भाग कुठून घेतला

३ मार्च, सोमवार

आले एकदाची! दोन पिशव्या, हत्यारांची पेटी आणि ही कोरी वही. वही ताईने दिली. म्हणाली, सगळ्यांवर डाफरत बसण्यापेक्षा रोज इथे डाफर, कागद उलटून बोलत नाही. ताईच्या बोलण्यात नेहमी तथ्य असतं, म्हणून तर तिचा राग येतो.

नोकरी मजेशीर आहे. बुटांच्या दुकानावरचा एक लांबलचक हॉल, आणि त्यात चौदा जुनी व्हिडिओ गेमची मशिनं. ती उभी, लाकडी कपाटासारखी, समोर काच, खाली दांडा आणि दोन बटणं. मालकाचं खरं नाव पाटीवर आहे, पण सगळा बाजार त्याला चॅम्पियन म्हणतो आणि तोही ओ देतो. पन्नाशी उलटलीय, पोट सुटलंय, चष्मा दोरीने गळ्यात. शाळेत असताना या खेळांत त्याचा हात कोणी धरत नसे म्हणे. आता कुठून कुठून भंगारातून ही धुडं जमवलीत आणि बावीस तारखेला, शनिवारी, उद्घाटन ठरवलंय. चौदापैकी धड एकही चालत नाही. त्या दिवशी चौदाही चालली, तर माझी नोकरी पक्की आणि हॉलमागची खोली माझी.

खोलीला खिडकी आहे, नळ आहे, दोन खाटा मावतात. दुसरी खाट भिंगरीची. माझी लेक, नऊ वर्षांची, पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून भिंगरी. तिचे बाबा गेले, मागोमाग टीव्ही दुरुस्तीचं दुकान गेलं, तेव्हापासून दोन वर्षं ती ताईकडे. रोज संध्याकाळी फोनवर एकच विचारते, आता किती दिवस. आज पहिल्यांदा मला आकडा सांगता आला.

५ मार्च, बुधवार

तीन मशिनं चालू केली. चॅम्पियन टाळ्या वाजवत होता.

लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असंच एक दुकान होतं. मुलींना आत कोण घेतंय? मी दारातून भावाच्या खांद्यावरून बघायची. आज प्रत्येक मशीन चालू झालं की आधी मी खेळते. तपासणी म्हणायची. खरं तर जुनं उट्टं काढतेय.

इथली एक पद्धत लिहून ठेवते. या मशिनांचे भाग आता कोणी बनवत नाही, त्यामुळे एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं. कोपऱ्यात या चौदांखेरीज दोन मेलेली मशिनं त्यासाठीच ठेवलीत. त्याची नोंदवही आहे, तिच्यात चार रकाने. मशीन कोणतं, बिघाड काय, भाग कोणता बसवला, भाग कुठून घेतला. चॅम्पियनला रिकामा रकाना दिसला की तो त्यावर बोट ठेवतो. तासाभराने पुन्हा येऊन मला विचारतो, ताई, तेवढं लिहिलंत का. भाग माझ्या स्वतःच्या डब्यातला असेल, तर फक्त 'स्वतःचा' असं लिहायचं. माझा डबा चांगला भरलेला आहे, दुकान बंद केलं तेव्हाचा सगळा माल त्यात आहे.

८ मार्च, शनिवार

अकरा झाली, उरली तीन. त्यातलं नऊ नंबरचं माझा जीव खातंय. नऊ नंबरने नाकी नऊ आणले, असं मी म्हणाले तर चॅम्पियन हसला नाही. हेच ते मशीन, ज्यावर तो चॅम्पियन झाला. भंगारवाल्याकडे बाजूचा ओरखडा बघून ओळखलं म्हणे. आधी ज्या दुकानात होतं तिथे ते शेवटपर्यंत गर्दी खेचत होतं आणि कधी दुरुस्तीला गेलं नव्हतं.

खेळ साधा आहे. इमारतीला आग लागलीय, एक ठेंगणा माणूस पाण्याची बादली घेऊन मजले चढतो. तिसऱ्या मजल्यावर मी दर वेळी मरते. पण माणूस डावीकडे वळतच नाही. दांड्याखालचा डावीकडचा खटका मेलेला. त्या मापाचा खटका ना मेलेल्या मशिनांत, ना माझ्या डब्यात. दोन तास झटापट केली, शेवटी हात टेकले आणि चहा प्यायला गेले. येऊन बघते तर माणूस डावीकडे पळतोय!

आता नोंदवहीत काय लिहू? 'आपोआप दुरुस्त झालं'? आमच्या धंद्यात असं लिहिणं म्हणजे स्वतःच्या तोंडाला काळं फासणं. मशीन आपोआप सुधारत असेल, तर तुझी गरज काय बाई? मी लिहिलं : खटका बदलला, स्वतःचा. चॅम्पियन खूश, रकाना भरलेला.

११ मार्च, मंगळवार

डावा हात दुखतोय. दुखतोय असंही नाही, ऐकत नाही. नळ बंद करायला गेले तर बोटं नुसती टेकली, वळली नाहीत. आठ दिवस वाकून काम केलं, दुसरं काय होणार. तेल चोळलं.

नऊ नंबरचं नवं नाटक. पडद्यावरचा लाल रंग गेला. आग लागलीय आणि ती निळी! एका बाजूने बांधावं तर दुसऱ्या बाजूने उसवतं. पिक्चर ट्यूब काढायची तर एका हाताने कशी काढू? चॅम्पियनवर ओरडले. तो बिचारा माझ्यासाठी पाणी घेऊन आला होता. नंतर वाईट वाटलं, पण सॉरी म्हटलं नाही.

तेरा चालू झाली. उरलं हे एक.

१२ मार्च, बुधवार

सकाळी लाल रंग परत आलेला. मी स्क्रूसुद्धा काढला नव्हता. चॅम्पियन माझे हात हातात घेऊन नाचायचाच बाकी होता, तुमच्या हाताला यश आहे म्हणाला. मी लिहिलं : रंगाची जोडणी, स्वतःची.

दुपारी सहा नंबरची तार जोडताना ठिणगी उडाली. लाल तारेच्या जागी काळी जोडली होती. वीस वर्षांत अशी चूक झाली नाही. दोन्ही तारा खिडकीत नेऊन बघितल्या. दोन्ही काळ्याच.

१४ मार्च, शुक्रवार

डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, डोळे ठणठणीत आहेत. मग मला लाल का दिसत नाही? तर म्हणतो, विश्रांती घ्या. उंटावरचा शहाणा. फी मात्र घेतली.

परत आले तर चॅम्पियन जिन्यात उभा. काल नऊ नंबरचा आवाज बंद पडला होता ना, तो सुरू झाला म्हणाला. आग धडधडतेय, घंटा वाजतेय, अगदी पूर्वीसारखं. डॉक्टरवरचा राग डोक्यात होता. वहीत खरडलं : स्पीकर, स्वतःचा. विचारसुद्धा केला नाही.

संध्याकाळी फोन उजव्या कानाला लावला तर भिंगरी बोलेचना. लाइन खराब म्हणून मी तीनदा ठेवला, तीनदा लावला. मग डाव्या कानाला धरला. ती केव्हाची बोलत होती.

१५ मार्च, शनिवार

नोंदवही उघडून बसले. नऊ नंबरच्या तीन ओळी एकाखाली एक.

डावीकडचा खटका. स्वतःचा.
लाल रंग. स्वतःचा.
आवाज. स्वतःचा.

मी काहीच बसवलं नव्हतं. खोटं लिहिलं होतं, तिन्ही वेळा. आणि जे लिहिलं ते—

वेडेपणा आहे. डबा ओतून एकेक वस्तू मोजली. काही कमी झालेलं नाही. डब्यातलं काही गेलेलं नाही.

१७ मार्च, सोमवार

तिन्ही ओळी खोडल्या. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, मी खोटं लिहिलं होतं, भाग बसवलाच नाही. हाताला, डोळ्याला, कानाला ढिम्म फरक नाही. मशिनाची वायर काढून टाकली. चॅम्पियनने खाडाखोड बघितली आणि त्याचा चेहरा पडला. त्याला सगळं सांगितलं. खूप समजूतदारपणे ऐकलं त्याने, अगदी चीड येईल इतक्या समजूतदारपणे. मग म्हणाला, लेकीच्या काळजीने तुम्ही थकलात. आणि वायर पुन्हा लावली.

निघून जावं. पण ताईच्या यजमानांची बदली झालीय, पंचवीसला ते घर सोडताहेत. भिंगरीला ठेवू कुठे? अडला हरी म्हणतात तो असा. पाच दिवस. नऊ नंबरला हात लावायचा नाही, वहीत एक अक्षर लिहायचं नाही. शनिवार झाला की तिला घेऊन दुसरीकडे काम बघायचं.

१९ मार्च, बुधवार

नवा बिघाड. चॅम्पियन काल दिवसभर खेळला, सर्वांत जास्त गुण केले, पहिल्या क्रमांकावर आपलं नाव घातलं. आज मशीन चालू केलं तर यादी कोरी. बंद केलं की त्याला काही लक्षात राहत नाही. आतली मेमरी गेलीय.

शनिवारी लोकांना पहिल्या नंबरावर त्याचं नाव दिसायला हवं. त्यासाठी त्याचा जीव तुटतोय. मी सरळ नाही म्हटलं. नोकरी नको, खोली नको, पण याला हात लावणार नाही. गयावया केली त्याने. नोंदवहीत बिघाड त्यानेच लिहिला. पुढचे दोन रकाने मी रिकामे ठेवले. बजावून सांगितलं, हे रिकामेच राहतील.

मान हलवली त्याने.

२० मार्च, गुरुवार

यादी टिकली. सकाळी मशीन चालू केलं आणि वर त्याचं नाव—

वही बघितली. भरलंय. त्याने भरलंय! सुबक अक्षरात : मेमरी बदलली, ताईंची स्वतःची. म्हणतो, रात्रभर रिकामा रकाना डोळ्यांसमोर येत होता. तुम्ही नेहमी हेच लिहिता, म्हणून तुमच्या वतीने लिहिलं. तुमचं कौतुक व्हावं म्हणून. हसत होता. मी वही त्याच्या अंगावर फेकली.

काय जाईल? काय?

पाढे म्हटले. येतात. ताईचा नंबर येतो. आईचा चेहरा आठवतो. भिंगरीच्या बाबांचा आवाज आठवतो. भिंगरी— हो. हो. आठवते. सगळी आठवते.

ती गाडीत बसलीसुद्धा. ताईच्या शेजारणीबरोबर. उद्या दहाला स्टँडवर पोचेल. तिला उतरवून घ्यायचं आणि तिथूनच परत फिरायचं. या जिन्यावर तिचा पाय पडू द्यायचा नाही. पिशव्या भरल्या आहेत. झोपायचं नाही. झोपले तर—

२१ मार्च

झोप लागली बसल्या बसल्या.

दहाला कुठेतरी जायचं होतं. कुठे ते आठवेना. पिशव्या का भरल्यात? चिडचिड होतेय नुसती.

सतराचा पाढा येतो. ताईचा नंबर येतो. दुकानाचा पत्ता येतो. उगाच घाबरले होते. काही गेलेलं नाही.

दुपार

एक बाई आली, माझ्यावर ओरडली. दीड तास स्टँडवर वाट बघितली म्हणाली. कशासाठी? मी तिला ओळखतही नाही. एक मुलगी माझ्या दारात ठेवून निघून गेली. लोकांना काही रीतभात—

मुलगी जात नाही. कंबरेला मिठी मारली. घट्ट. चुकलं असेल बाळा, म्हटलं. सोडवली तर पुन्हा—

ताईला फोन लावला. ताई आधी हसली. मग रागावली. मग नुसती रडते. मुलीला दे म्हणते फोन. ताईला काय झालंय?

कामं पडलीत. उद्या उद्घाटन. हे काय लचांड माझ्या गळ्यात.

भिंतीकडे तोंड करून बसलीय. आवाज न करता रडतेय. काम सुचेना मला. का, कोण जाणे. कुणाची तरी लेकच ना ती. शेवटी जवळ गेले, तिचे डोळे पुसले, आणि नाव विचारलं, तर ती म्हणाली, आई, मी भिंगरी.