ब्रीडाबाईंना बारापैकी बारा

एनिस, आयर्लंड
२३ जून २०२४

तीर्थस्वरूप नंदूमामांस,

यामिनीचा साष्टांग नमस्कार. (शाळेत पत्रलेखनाला पाचपैकी पाच पडायचे आणि मायना चुकला की अर्धा गुण जायचा. ती धास्ती अजून आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी म्हणाल्या की तेल लावून घेता, पण गच्चीवर टाकी बघायला जाणं सोडत नाही. टाकी कुठे पळून जात नाही, मामा. मी बरी आहे. जून महिना असून स्वेटर घातला आहे. इथले लोक याला उन्हाळा म्हणतात आणि मी परकी असल्यामुळे वाद घालत नाही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे सत्कार. तुम्ही शाळेच्या मतदार जागृती कार्यक्रमात पडद्यावरून माझं भाषण ठेवलंय आणि चौकात फ्लेक्सही लावणार आहात, ‘घराण्यातील पहिल्या पदवीधर कन्येने परदेशात बजावला मतदानाचा हक्क’, असं मामींनी फार कौतुकाने सांगितलं. मामा, तो फ्लेक्स थांबवा. हक्क बजावला हे खरं आहे. तो कसा बजावला, ते पुढे वाचा आणि भाषणाला दुसरं कुणीतरी शोधा.

इथे नागरिकत्व नसलं तरी स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी माझ्याबरोबर राहणाऱ्या अपूर्वाला (नागपूरची, सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिला फक्त झोपेत रस आहे) तीन वेळा पद्धत समजावून सांगितली. शिक्का मारायचा नाही, आकडे लिहायचे. सगळ्यात आवडत्याला एक, त्याच्याखालच्याला दोन, मग तीन, जितकं जमेल तितकं. एकवाला बाद झाला की तुमचं मत दोनवाल्याकडे जातं. मी तिला म्हटलं, बघ, इथे मत वाया घालवायला सुद्धा कष्ट पडतात. हे वाक्य लक्षात ठेवा.

बारा उमेदवार होते (इथे एकाच भागातून अनेक नगरसेवक निवडतात). मी सगळ्या पक्षांचे जाहीरनामे छापून आणले आणि तीन रंगांच्या पेनांनी अधोरेखित केले. दोन मोठे जुने पक्ष वाचून झाल्यावर लक्षात आलं की दोघांनाही घरं, दवाखाने आणि सुबत्ता हवी आहे आणि दोघांनाही ती लवकर हवी आहे. शेजारच्या आजोबांना फरक विचारला तर ते म्हणाले, शंभर वर्षांपूर्वी यांचे आजे त्यांच्या आज्यांशी लढले होते. मला लगेच पटलं. आपल्याकडच्या बांधाच्या भांडणात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. उरलेल्यांत एक पक्ष झाडांचा होता, एक कामगारांचा, एक सगळ्यांवर चिडलेला, आणि बाकीचे अपक्ष.

अपक्षांतल्या एक आमच्या ब्रीडाबाई. वय अडुसष्ट, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त. आमच्या वसाहतीपासून शॅननच्या (माझी कंपनी तिथे आहे) बसच्या थांब्यापर्यंत सहाशे मीटर रस्त्याला फूटपाथ नाही. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण, आणि मधून ट्रक. मी कंपनीच्या बससाठी रोज पहाटे तिथून जाते (गाडी चालवायच्या परीक्षेत दोनदा नापास झाले, हे आईला माहीत नाही, तुम्हीही सांगू नका). हिवाळ्यात काळोख असतो, आणि ट्रक आला की चरात उतरायचं ठरलेलं. गेल्या जानेवारीत ब्रीडाबाई तिथेच पडल्या, मनगट मोडलं, आणि प्लॅस्टर निघायच्या आत त्यांनी उमेदवारी जाहीर केली. विषय एकच, फूटपाथ. मी त्यांना शब्द दिला होता की माझं पहिलं मत तुम्हाला.

दुसऱ्या टोकाला मॉसी. हा जुना नगरसेवक. प्रचाराला दारात आला तेव्हा मी रीतीप्रमाणे आत बोलावलं. दारातून कुणाला कोरडं पाठवायचं नसतं हे आपल्याला कळतं, पण इथे प्रचाराला आलेला माणूस दारातच बोलून जातो हे मला माहीत नव्हतं. तो पाऊण तास बसला. चकल्या संपवल्या. हवा, हर्लिंगचा (इथला काठी-चेंडूचा खेळ) संघ, त्याच्या बहिणीची म्हैस (म्हणजे गाय, मला म्हैसच आठवत राहते), सगळं झालं. फूटपाथ विचारला तर म्हणाला, बघू या. तेवढंच. मी दार लावलं आणि त्याला एक गुण दिला.

गुण म्हणजे काय ते सांगते, कारण गोची तिथेच आहे. कंपनीत माझं काम माल पुरवणाऱ्यांना गुण द्यायचं. चांगल्याला जास्त, वाईटाला कमी. त्याच सवयीने मी उमेदवारांचा तक्ता केला. प्रामाणिकपणा, अभ्यास, फूटपाथ, असे दहा-दहा गुणांचे रकाने आखले आणि शेवटी बारा जणांना एक ते बारा गुण दिले, कुणालाही सारखे नाहीत. ब्रीडाबाईंना बारापैकी बारा. मॉसीला एक.

मतदानाच्या दिवशी तक्ता घडी करून पर्समध्ये घेतला. आत दोरीला बांधलेली पेन्सिल होती. मामा, मला भरून आलं होतं. वाटलं, आपल्या घरात आईची सही सुद्धा मी शिकवलेली, आणि मी इथे उभी आहे. अशा भरल्या डोळ्यांनी मी घडी उघडली आणि तक्त्यातले आकडे एकेक करून मतपत्रिकेवर उतरवले. सुवाच्य अक्षरात. दोनदा ताडून पाहिले. बाहेर येऊन केंद्रासमोर स्वतःचा फोटो काढला आणि तुम्हाला पाठवला, तोच तुम्ही फ्लेक्सवर टाकताय.

अजून कळलं नव्हतं. कळलं मोजणीच्या हॉलमध्ये. मी ब्रीडाबाईंची प्रतिनिधी म्हणून कठड्याला टेकून उभी होते. तिथे मतपत्रिका उलगडताना बाजूचे लोक वाकून वाचतात आणि कोण पुढे आहे याच्या अंदाजासाठी वहीत रेघा मारतात. बहुतेक लोक तीन-चार आकड्यांवर थांबतात. मग एक मतपत्रिका आली, बाराच्या बारा आकडे, आणि मॉसीला एक, ब्रीडाबाईंना बारा. मी शेजारच्या बाईंना म्हटलंही, कोण असेल हा मूर्ख, इतकी मेहनत घेऊन इतकं उलटं मत दिलंय. मग माझं लक्ष सातावर गेलं. सातच्या कमरेला आडवी पट्टी होती. आमच्या कंपनीत सात आणि एकची गफलत होऊ नये म्हणून तशी काढायला लावतात. मी शेजारच्या बाईंना सांगितलं की मला जरा पाणी प्यायचंय.

पुढचे दोन दिवस मी देवाला एकच मागितलं, की ब्रीडाबाई जिंकल्या तरी भरपूर मतांनी जिंकाव्यात आणि हरल्या तरी भरपूर मतांनी हराव्यात. देवाने ऐकलं नाही. एकेक जण बाद होत शेवटची जागा राहिली, आणि तिच्यासाठी राहिले मॉसी आणि ब्रीडाबाई. फेरमोजणी झाली. मॉसी एका मताने निवडून आला. मी शब्द पाळला असता तर ब्रीडाबाई एका मताने आल्या असत्या. हे गणित करायला पदवी लागत नाही.

चार दिवस मी चहा सोडून काही घेतलं नाही. अपूर्वा म्हणाली, मत गुप्त असतं ना, मग गुप्त राहू दे. पण मला ते जमलं नाही. मी तक्ता घेऊन ब्रीडाबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला. बराच वेळ वाचला. त्यांचं मनगट अजून नीट वळत नाही, म्हणून तक्ता टेबलावर पसरला होता. मला वाटलं, आता जा म्हणतील.

त्या म्हणाल्या, “अभ्यासाला मला दहापैकी सातच?”

मी म्हटलं, फूटपाथ सोडून तुमचा दुसरा कशाचाच अभ्यास नाही. त्या म्हणाल्या ते बरोबर आहे, आणि किटली चालू केली. मग कप पुढे ठेवून बोलल्या, “मला खुर्ची नको होती, यामिनी. मला फूटपाथ हवा आहे. मॉसी एका मताने आलाय आणि ते मत तुझं आहे. जा, त्याला सांग.”

मॉसी शनिवारी सकाळी एका पबच्या मागच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. मी रांगेत बसले, नंबर आला तसं ताठ उभी राहून सांगितलं की तुम्हाला निवडून देणारं ते एक मत माझं. त्याने माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि म्हणाला, “बस, बस. तू सतरावी आहेस.”

आधीच्या सोळा जणांना गटार, दाखला, मुलाची नोकरी असं काय काय हवं होतं. मी म्हटलं, त्या सोळांतल्या कुणी तुम्हाला चुकून मत दिलं नसेल, आणि तक्ता पुढे ठेवला. तो हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला. प्रामाणिकपणाच्या रकान्यात स्वतःचे गुण पाहिले तेव्हा म्हणाला, बरं, सोमवारी तुझ्याबरोबर चालून रस्ता बघतो. सोमवारी पहाटे तो खरंच थांब्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आला, चांगले बूट घालून. अर्ध्या वाटेत ट्रक आला आणि आम्ही दोघं चरात उतरलो. वर आल्यावर बूट बघत तो म्हणाला, बघू या. पण या वेळी जरा हळू म्हणाला.

आता थांबते. सत्कार रद्द करा, एवढीच विनंती. मामींना नमस्कार, आणि टाकीवर दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.

तुमची,
यामिनी

ता. क. शाळेच्या रस्त्यावर दिवा लागावा म्हणून तुम्ही घरची खुर्ची आणि डबा घेऊन ग्रामपंचायतीच्या दारात सव्वा वर्ष बसला होतात. मी तेव्हा अकरावीत होते आणि हक्क असा मागायचा नसतो, म्हणून तुम्हाला नागरिकशास्त्र समजावलं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलात. तेव्हा दिव्यासाठी दिलेल्या अर्जाची प्रत ट्रंकेत असेल तर फोटो काढून पाठवा, विशेषतः तो ‘पुन्हा येईन’वाला परिच्छेद. मी घडीची खुर्ची घेतली आहे. ब्रीडाबाईंची त्यांच्याकडे आहे. शनिवारी दोघी मॉसीच्या दारात जाणार आहोत.

ता. क. २. फ्लेक्स छापून झाला असेल तर आता फाडू नका, छपाईवाल्याला वाईट वाटेल. फक्त चौकात नको. शाळेच्या रस्त्यावर तुमच्या दिव्याखाली लावा. बारावीला क्लासहून घरी येताना मला तिथेच पहिल्यांदा पायाखालचं दिसलं होतं. आणि फोटोत मी नीट दिसते ना, तेवढं कळवा.