सून वाचेल, जेवून घ्या

आबा, काल मालिकेतला सासरा मेला आणि माझी नजर आपोआप पडद्याच्या तळाशी गेली. तिथं काहीच नव्हतं. नुसतं त्याचं तोंड, तेही तीनदा, एकदा रंगीत, एकदा काळंपांढरं, एकदा विजा चमकवून. तुम्ही असता तर एव्हाना तिथं आपल्या केबलची पट्टी सरकली असती, 'म्हातारा परत येणार आहे, जेवणं उरकून घ्यावीत', आणि मी निवांत भाकरी थापायला उठले असते. आता संगमनेरात बसून मला एका परक्या म्हाताऱ्याची काळजी करावी लागते. तुमची नात म्हणते, आई, पुढं काय होतं ते नेटवर शोध की. शोधलं मी. सगळं सापडतं तिथं, पण जेवून घ्या असं कुणी म्हणत नाही.

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तिनं तुम्हाला पाहिलेलंच नाही. आजोबांची कर्जतला केबल होती म्हटलं तर तिला वाटलं, तुम्ही वायरी विकत होता. आता हिला कसं सांगू? आपल्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, आईच्या मसाल्याच्या डब्यांशेजारी तुमची मशीनं मांडलेली, कारण गच्चीवरच्या छत्रीची वायर नेमकी त्याच खिडकीतून आत यायची. आईनं ठेचा परतायला घेतला की तुम्ही खोकत खोकत ओरडताय, बंद कर, अर्ध्या गावाच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या. आई मागं न बघता म्हणतेय, मग अर्ध्या गावाला सांगा, आज वरणभातावर भागवा. मुंग्या वाऱ्यानं येतात, मिरचीनं नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं, पण ठसका लागल्यावर माणूस काहीही बोलतो.

केबलवाला म्हणजे मालिकांचा मालक, हा आपल्या आळीतल्या बायकांचा पक्का समज. तक्रार आली म्हणून तुम्ही कुणाकडं वायर बघायला गेलात की त्या आधी चहा द्यायच्या आणि मग तुमची हजेरी घ्यायच्या. त्या पोरीला किती छळताय, तिचा नवरा शुद्धीवर कधी आणताय, दिवाळीच्या तोंडावर तरी तिला माहेरी पाठवा. दुसरा कुणी हसून सुटला असता. तुम्ही मान खाली घालून म्हणायचा, बघतो काय करता येतं ते, आणि घरी येऊन खरंच विचारात पडायचा. ज्या दिवशी त्या सुनेला जिन्यावरनं ढकललं आणि भाग तिथंच संपला, त्या दिवशी शेजारच्या काकू जेवल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पट्टी लिहायच्या मशीनपुढं बसवलंत. तोवर त्या पट्टीवर वाढदिवसाच्या शुभेच्छा, एखादी हरवलेली शेळी आणि पिठाच्या गिरणीची जाहिरात एवढंच सरकायचं. तुम्ही म्हणालात, "लिव. सून वाचंल, जेवून घ्या." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत? "अगं, मालिकेला नावच तिचं हाय. तिला मारून खातील काय?"

सून वाचली आणि गावात तुमचा शब्द चालायला लागला. मग काय, तुम्हाला कोण आवरणार? 'जावई खोटं बोलतोय, मागचा गुरुवार आठवा.' 'एवढा पाऊस पडला, हिचा पदर कोरडा कसा?' लोक मालिका बघेनात, पट्टी बघू लागले. विनोदी कार्यक्रमांवर तर तुमचा दातच. पाठीमागून जो हशा वाजतो त्याचा तुम्हाला भयंकर राग. हसणारी माणसं दाखवत नाहीत म्हणजे ती नाहीतच, हे खोटं हसणं फसवणूक आहे, असं तुमचं म्हणणं. पुरुषानं साडी नेसून कंबर हलवली की तुम्ही उठून मशीनवरची धूळ पुसायला लागायचा. आणि गाण्यांना एकच परीक्षा, खांबावर चढताना गुणगुणता आलं पाहिजे. नव्या गाण्यांत दम घ्यायला जागा नाही, अशानं माणूस खाली येईल, हे तुम्ही पट्टीवरसुद्धा टाकायला लावलंत. मी बारावीत होते, आबा. तीच गाणी कानात घालून फिरत होते. वर्गातल्या पोरी मला विचारायच्या, तुझ्या वडिलांना काहीच कसं आवडत नाही गं? आता भाकऱ्या थापताना मीही गाण्यांना तीच परीक्षा लावते, पण तेव्हा मला तुमचा मनापासून राग यायचा.

शुक्रवारचा तो विनोदाचा कार्यक्रम तर माझा जीव की प्राण. शनिवारी कॉलेजात दुसरा विषय नसायचा. त्याचा महाअंतिम भाग होता त्या संध्याकाळी तुम्ही चपला घालता घालता सांगितलंत, "लिव, ह्यात हसन्यासारखं कायबी न्हाई, लवकर झोपावं." आणि पक्कड घेऊन कुणाची तरी वायर जोडायला निघून गेलात. मी मशीनपुढं बसले आणि मला रडूच आलं. सगळं गाव तुमचं ऐकतं, म्हणजे सगळं गाव झोपणार, आणि मी एकटी हसत बसणार. एकटीनं काय हसायचं? मी लिहिलं, 'आज कुणीही झोपू नये. पोट दुखेपर्यंत हसाल.' खाली नेहमीसारखं, 'आपला केबलवाला.'

पट्टी सरकायला लागली तेव्हा कुठं मला उमगलं. तुमच्या शब्दावर गाव जेवत होतं, झोपत होतं, आणि त्या शब्दात मी माझी लबाडी घातली होती. कार्यक्रमात मी एकदाही हसले नाही, नुसती दाराकडं बघत होते. तुम्ही आलात, हात धुतलेत, जेवायला बसलात. मीठ मागितलंत. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी मेनरोडला लोक तुम्हाला थांबवून सांगत होते, लई हसलो राव, बरं झालं तुमी सांगितलं. तुम्ही मान डोलवत होता. मला वाटलं, सुटले, ह्यांना पत्ताच नाही. खरं सांगू? मला तुमची थोडी गंमतही वाटली, न लिहिलेल्याचं कौतुक काय गोड मानून घेताहेत म्हणून.

तुमच्या दहाव्याला काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. रडून झालं, तुमच्या आठवणी निघाल्या, आणि त्या म्हणाल्या की महाअंतिमच्या दिवशी तुम्ही त्यांच्याच घरी होता. वायर जोडलीत, चित्र आलं, आणि सगळ्यात आधी दिसली ती पट्टी. तुम्ही ती दोनदा वाचलीत. मग घातलेल्या चपला काढून परत आत येऊन बसलात. काकांनी विचारलं, तुम्हाला तर असलं आवडत नाही, मग हे काय लिहिलंय? तुम्ही म्हणालात, "मीच लिवलंय. बघा की."

मी काकूंना विचारलं, मग हसले का?

"कुठलं गं. दाढ दुखल्यावानी त्वांड. पन आमच्यापैकी कुनी वळून बघितलं की मोठ्यांदा हसायचे. तासभर."

आबा, मी दहाव्याला हसले. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून. आईनं मला आत नेलं, फडताळापुढं बसवलं, पाणी दिलं, आणि तिथं मग जे रडू आलं ते तुम्ही गेल्या दिवशीसुद्धा आलं नव्हतं. खोट्या हशाचा एवढा राग असलेला माणूस माझ्यासाठी तासभर परक्याच्या घरात खोटं हसत बसला, आणि घरी येऊन त्यानं माझ्याकडं फक्त मीठ मागितलं. एकदा तरी रागवायचं होतंत. मी माफी मागितली असती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. माझ्या फडताळात मसाल्याच्या डब्यामागं राहील, तुमच्या मशीनची जागा तशीही तीच. पण एक सांगायचं राहिलंय. काल सासरा मेल्यावर माझं मन लागेना, म्हणून मोबाइलवर तो शुक्रवारचा महाअंतिम भाग शोधून काढला. शेवटपर्यंत बघितला. आबा, तुमचंच खरं होतं. त्यात हसण्यासारखं काहीही नाही. तुमच्या नातीला मी पट्टीची गोष्ट सांगितलीय, फक्त माझी लबाडी गाळून. तेवढ्यात ती बाहेरून डोकावली आणि म्हणाली, आजोबांनी सगळ्या गावाला बघायला लावलेला तो हाच का? चांगला आहे?

मी मोठ्यांदा हसले.