आडवा हात

१९ नोव्हेंबर, सोमवार

ती. आईंना,

नमस्कार. तुम्ही आणि धाकटीकडची सगळी ठीक असाल असं धरून चालतो. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. दिवसभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करतो, पण माझं अक्षर मात्र चुरगळलेलंच. सांभाळून घ्या.

आमच्याकडे तसं बरं आहे. लाँड्रीत मालकानं वाफेचं नवं यंत्र आणलंय. ते दिवसाआड बंद पडतं आणि मग मालक यंत्राऐवजी मलाच तपासतो. स्वयंपाकघरातला नळ गळायचा, तो बदलला.

काल आम्ही फिरायला गेलो होतो, ते सांगायला बसलोय. तुमची लेक आणि मी, त्या पाळण्यांच्या पार्कात. यांना मजा सुचते तरी कशी, असं तुमच्या मनात येईल. आधी सगळं वाचा, मग हवं तेवढं रागवा.

सकाळी उठून पाहतो तर ही बूट घालून दारात उभी. इतके महिने जिना उतरली नव्हती. म्हणाली, "चल, अजगरावर बसू." अजगर म्हणजे तिथला सगळ्यात मोठा रोलर कोस्टर. मी स्टुलावर चढून बल्ब बदलताना शेजाऱ्यांना हाका मारणारा माणूस, हे तुम्हीच चारचौघांत सांगून हसायचात. पण ती स्वतःहून काहीतरी मागत होती. मी हो म्हणालो, पण भीती वाटली. ती उंचीची नव्हती. घरातली औषधं मी शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवलीत, यावरून काय ते समजा.

रांगेच्या तोंडाशी एक लाकडी जिराफ आहे. त्याच्या मानेवर लाल रेघ. तिथवर डोकं पोचलं तरच आत सोडतात. गेल्या सुट्टीत आपला ढब्बू दोन बोटं कमी पडला. टाचा उंचावल्या, केस वर ओढून धरले आणि तिथल्या बाईंना म्हणतो कसा, "केस पण माझेच आहेत ना?" बाई हसल्या, पण सोडलं नाही. "पुढच्या वेळी ये," म्हणाल्या. तेव्हापासून रोज शाळेतून आला की दप्तर टाकून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा. काल तुमच्या लेकीनं त्या लाल रेघेवर हात ठेवला. उजवा.

त्याचं नाव न काढता हे पत्र पुरं करायचं ठरवलं होतं. नाही जमलं.

आई, तिचा डावा हात उठत नाही. धाकटीनं तुम्हाला सांगितलंय की नाही, ठाऊक नाही. बटणं एका हातानं लावते. वेणी जमेना, म्हणून केस कापून टाकले. डॉक्टर म्हणतात, हाताला काहीही झालेलं नाही. ते तर मलाही माहीत आहे. अपघातात त्या हातावर साधा ओरखडा नव्हता. ती चालवत होती त्या व्हॅनसमोर ट्रक वळला, मागच्या बाकावरची शाळेची पोरं खरचटण्यावर निभावली, आणि पुढे आईशेजारी पट्टा लावून बसलेला आमचाच तेवढा गेला. दवाखान्यात तुम्ही तिच्या त्या धड हाताकडे बघून म्हणालात, "एक हात आडवा घालता आला नाही तुला?"

तुम्ही दुःखात बोललात. मी तुम्हाला बोल लावत नाही, असं लिहिणार होतो. पण लावतो. फक्त भांडायची ताकद आता राहिली नाही.

कारण तो हात तिनं तुमच्याकडूनच घेतलाय. बसमध्ये ब्रेक लागला की तुमचा हात दोघी बहिणींपुढे आडवा, हे तिनं मला लग्नाआधीच सांगितलं होतं. व्हॅन चालवायला लागल्यावर तिचंही तेच. ब्रेक दाबला की डावा हात शेजारच्या सीटपुढे. शेजारी भाजीची पिशवी असली तरी! ढब्बू चिडवायचा, "आई, कोथिंबीर पडेल हं, धर." अपघाताच्या वेळचं मात्र तिला काहीच आठवत नाही. तुम्ही म्हणालात तेच तिनं खरं मानलं.

काल तिनं मला डावीकडे बसवलं. मांडीवर लोखंडी दांडा आला. गाडी वर चढायला लागली तशी मी तिचा दांडा पुन्हा पुन्हा ओढून पाहत होतो. वर पोचलो आणि माझी बोबडी वळली. दोन्ही हातांनी माझा दांडा आवळला, डोळे मिटले. गाडी खाली सुटली आणि छातीवर काहीतरी आडवं आदळलं. वाटलं, काहीतरी तुटलं.

त्या उतारावर यंत्र प्रत्येकाचा फोटो काढतं आणि बाहेर पडद्यावर दाखवतं. तो सोबत ठेवलाय. नीट बघा. जबडा वासलेला तो मी. आणि माझ्या छातीवर तिचा डावा हात आहे, सरळ, पाची बोटं फाकलेली.

मी वेड्यासारखा ओरडलो. "बघ! तुझा हात बघ!" लोक थांबून बघायला लागले. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. म्हणाली, "मी कधी घातला?" तिला आठवतच नव्हतं. म्हटलं, "तेच तर सांगतोय! तो आपोआप जातो. तेव्हाही गेलाच असणार."

वाटलं, आता रडेल, मोकळी होईल. ती म्हणाली, "तुझ्यासाठी गेला. माझ्या पोरासाठी नाही गेला."

आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. या वेळी सगळा उतार ती हाताकडे बघत होती. हात मांडीवर पडून राहिला. "बघ, नाही जात." पुन्हा रांग, पुन्हा उतार, पुन्हा तेच. मधे मी कचऱ्याच्या डब्यात ओकलो, तोंड पुसून परत तिच्या डावीकडे बसलो. हात हलला नाही. शेवटी जिराफाजवळच्या बाई आमच्यापाशी आल्या. "ताई, पुरे आता. यांचा तरी विचार करा." त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. बरं झालं, नाहीतर मुलगा किती उंच झाला, विचारलं असतं.

परतताना बसमध्ये ती एकच वाक्य बोलली. "आईला विचार."

म्हणून विचारतो. बसमध्ये ब्रेक लागला की तुम्ही हात घालायचात, की तो आपोआप जायचा? तुम्हाला कळायच्या आधी जायचा का? मी सांगून ती ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, फोटोचंही नाही. ते वाक्य तुमचं होतं, ते तुम्हीच उचलायला हवं. मी सकाळी कामावर निघताना दाराशी घुटमळतो, आई. संध्याकाळी कुलूप उघडायच्या आधी दाराला कान लावतो. असे किती दिवस काढू?

उत्तर लिहून पाठवू नका. या, आणि तिच्या डावीकडे बसून सांगा. ती जागा रिकामीच आहे.

तुमचा,
ढब्बूचा बाबा