पाचवं रीळ

१५ मार्च, रविवार
आज सकाळी मारुतीला पाणी घालून आलो आणि माळ्यावरचा सिनेमाच्या रिळाचा डबा उघडला. फेकून द्यायचा होता. गंज खाली धान्यावर सांडतो.

बाबांची सुतळी सुटेना, कापली. आत पाचवं रीळ. चिकटलेलं नाही, कुजलेलं नाही. बाबा दरवर्षी हनुमान जयंतीला गावाला सांगत, शेवटचं रीळ खराब झालं, पुढचं मी तोंडानं सांगतो. तेच सांगत गेले. ते गेल्यावर चौदा वर्षं मी सांगतोय.

खिडकीत उजेडाला धरून पाहिलं. शिपाई किल्ल्याच्या दिंडीबाहेर, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दाराबाहेर, आत त्याची आई, हात अडसरावर. हातभर पट्टी पुढे सरकवली. हात तिथंच. अगदी शेवटपर्यंत.

ती दार उघडतच नाही.

१७ मार्च
संत्र्याला पाणी. मन लागलं नाही.

बाबा तंबूच्या टॉकीजमध्ये मशीन चालवत. तंबू बंद झाला तेव्हा मालकानं मशीन आणि हा एक सिनेमा दिला. किल्ल्याला वेढा पडतो, शिपाई निरोप घेऊन बाहेर जातो, परत येतो तेव्हा शत्रू मागेच. चार रिळं एवढी. मग बल्ब बंद, आणि बाबा पडद्यापुढे उभे: "मायनं अडसर काढला, दिंडी उघडली, अन् लेकरू आत आलं!" टाळ्या. बजरंगबलीचा जयजयकार.

आता मीही तसंच म्हणतो. तोच आवाज काढतो. माय पहिल्या रांगेत.

बाबा जाताना म्हणाले होते, "माय बसते तोवर सांगत राहाय." तेव्हा वाटलं, गावाच्या हौसेसाठी म्हणतायत.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. बायकोचा, सुनंदाचा फोन. नालवाडीला लेकीकडे जाऊन तिला पाच महिने झाले. नातू रांगायला लागला.
"अहो, खोली रिकामी हाय. मायले घेऊन या. तिथं दोघं काय करून राह्यले?"
मायला विचारलं. दरवेळचंच उत्तर.
"तुले जाचं तर जाय. मी नाई येत. थो आला अन् घराले कुलूप दिसलं तं?"

तो म्हणजे माझा मोठा भाऊ, प्रभाकरभाऊ. घरातून गेला त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या मागच्या दाराला आतून कडी लागत नाही. कुत्री येतात, एकदा साप आला. तरी नाही.

मी मायला सोडून जाऊ शकत नाही. माय दार सोडून जाऊ शकत नाही.

२२ मार्च, रवि.
हायस्कूलच्या लायब्ररीतून कादंबरी आणली. ज्या कादंबरीवरून सिनेमा केला तीच. नववीत वाचली होती. शेवट पुन्हा पाहिला. दारापाशी आई नाहीच. दिंडी पहारेकरी लावतो, दोन ओळींत संपतं. म्हणजे आई सिनेमावाल्यांनी आणली. आणि तिच्याकडून दार बाबांनी उघडवलं. इतकी वर्षं मला वाटायचं, सिनेमातच तसं असेल.

बाबांनी का केलं ते आज कळलं. लिहूनच ठेवतो.

भाऊ एकोणीसचा. रोज उशिरा यायचा. बाबा तंबूसोबत बाहेरगावी. त्या दिवशी मायनं रागानं मागचं दार लावून घेतलं. भाऊनं कडी वाजवली. माय आतून म्हणाली, "आता सकाळीच उघडीन." सकाळी उघडलं. तो नव्हता.

कडी तीन वेळा वाजली. मला माहीत आहे, कारण मी

२३ मार्च
काल पुढं लिहवलं नाही. मी जागा होतो. सतरा वर्षांचा. खाट दारापासून चार पावलांवर. उठलो नाही. सकाळी मायनं विचारलं, "तुले आवाज आलता काय?" नाही म्हणालो.

रोज मारुतीपुढे उभा राहतो. त्याला सांगून झालंय. त्याला सांगणं सोपं आहे.

२८ मार्च
जयंती कमिटीचे दादाराव आले. "वसंता, बल्ब गेला तं चालन, तुहा घसा नाई गेला पायजे. ओवा खाय." हसलो. त्यांना म्हणायचं होतं, यंदा मी बोलत नाही. म्हणालो, पडदा धुऊन ठेवा.

रीळ पुन्हा माळ्यावर ठेवलं. खाली काढलं. पुन्हा ठेवलं.

३१ मार्च
चारचौघात दाखवायचं नाही. एवढं नक्की. आधी मायला.

१ एप्रिल, बुध.
दुपारी जेवणं झाल्यावर खोलीच्या खिडकीला घोंगडं लावलं, भिंतीवर धोतर. माय म्हणाली, "जयंती उद्या हाय नं? आजच काऊन?"
"शेवटचं रीळ सापडलं माय. चांगलं हाय."
"मंग लाव."

जुनं रीळ, दोनदा तुटलं. जोडलं. माय खाटेवर ताठ बसून. शिपाई बाहेरून दार ठोकतो. आई अडसर धरून उभी. डोळे मिटते. उघडत नाही. किल्ला वाचतो. संपलं.

मला वाटलं माय रडेल. तिनं धोतराकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "हिनंई नाई उघडलं."
"नाही."
"तुह्या बापानं मले सांगतलं नाई." पदर सारखा करत, "दरसाल थे बाई दार उघडे. लोक टाळ्या वाजवत. अन् मी घरी येऊन मांगची कडी पाहो. मले वाटे, जगातल्या साऱ्या मायनं उघडलं. मी एकटीच."

बाबांनी तिला जपायला केलं. आणि मी चौदा वर्षं पडद्यापुढे उभा राहून, बाबांचा आवाज काढून, तिच्या तोंडावर...

मशीन थंड होत होतं. घोंगडं काढायला उठलो, तशी म्हणाली, "राहू दे. पुन्हा लाव."

लावलं नाही. खाटेजवळ खाली बसलो. तिच्या पायाला हात लावून म्हणालो, "माय, भाऊनं तीन खेपा कडी वाजवली. मी जागा होतो."