पंपाकडच्या बाजूचा नट

बाबा, तुमची निळी गाडी गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि तुम्हाला जाऊनही. झालं गेलं उगाळत बसणाऱ्यांतली मी नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या रविवारबद्दल मी कुणाशीच बोलले नाही, आईशीही नाही. तेव्हा तुम्हालाच लिहून टाकते.

गाडी दोघांपुरती, उघड्या टपाची, विलायती, आणि वयाने माझ्याहून मोठी. पनवेलच्या आपल्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असायची आणि शेजारी तिला तुमची दुसरी बायको म्हणायचे. उरणच्या गॅस प्लांटमध्ये दिवसभर पाइपलाइनी सांभाळून यायचात आणि कपडे न बदलताच तिच्याकडे जायचात. टाकीतून पेट्रोल खेचणारा तिचा मूळचा पंप केव्हाच निकामी झाला होता. त्याच्या जागी तुम्ही भंगारबाजारातून दुसऱ्या कुठल्याशा गाडीचा पंप आणून बसवलात, आणि तो निघाला फारच जोराचा. तेवढा दाब कार्बोरेटरला सोसेना. तो भरून वाहायचा आणि चढावर इंजिन गुदमरून बंद पडायचं. बोरघाटाने तिला कधी वर जाऊ दिलं नाही. तुमची निवृत्ती जवळ आली तेव्हा पुण्याच्या एका गृहस्थांनी गाडी मागितली. तुम्ही हो म्हणालात, पण मनाशी एक ठरवलंत, की हातातून जाण्याआधी एकदा तरी ती न थांबता खंडाळ्याला पोचली पाहिजे. मामाने आखातातून पेट्रोलचा दाब कमी करणारा रेग्युलेटर पाठवला, तो त्यासाठी.

तो खोका तुम्ही उघडलात स्वयंपाकघरात. आई पोळ्या लाटते आहे, मी माहितीपत्रकावरचं बारीक इंग्रजी वाचून दाखवते आहे, आणि तुम्ही ती पितळी वस्तू उजेडात धरून लग्नाच्या दागिन्यासारखी न्याहाळता आहात.

"सवतीचं सामान माझ्या ओट्यावर नको," आई म्हणाली.

"अगं, कोरं आहे ते. अजून पेट्रोल लागलेलं नाही."

"लागलं की तुमचं ताटही शेडमध्येच वाढते."

शेडमध्ये पंपाकडून येणारी नळी तुम्ही जोडलीत, कार्बोरेटरकडे जाणारी मी. कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होते, दाब म्हणजे काय ते मला कळत होतं, पान्याला मी बिचकत नव्हते. माझं झाल्यावर तुम्ही माझ्या नटाला पाना लावून पाहिलात आणि त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका ठेवलात. ही तुमची प्लांटमधली रीत. ज्याने आवळलं त्याने ते पास करायचं नाही. दुसऱ्याचा हात लागला की मगच ठिपका. मग तुम्ही पाना माझ्यापुढे धरलात.

"आता माझा बघ."

"तुमचं काम मी तपासायचं? काहीतरीच काय, बाबा."

"अगं, नियम आहे."

"तो प्लांटमध्ये. घरात मुलगी वडिलांच्या कामावर शेरे मारत नाही."

तुम्ही हसलात. "मास्तरीणबाई, शेरे मारण्याचाच तर पगार घेता की." पण पाना लगेच मागे घेतला नाहीत. तसेच उभे राहिलात, जरा जास्तच वेळ. वडिलांच्या कामावर पुन्हा हात फिरवणं म्हणजे त्यांचा अपमान, असंच आपल्या घरात मानलं जाई, आणि मी ते कर्तव्य म्हणून पाळलं. तुमचा नट बिनठिपक्याचा राहिला. मग तुम्ही इंजिन सुरू केलंत, रेग्युलेटरचा स्क्रू हळूहळू फिरवलात, दाबाचा काटा उतरत गेला आणि इंजिन शहाण्यासारखं एका सुरात चालू लागलं.

जेवण झाल्यावर आपण निघालो. कोन मागे पडतं, खोपोली मागे पडते, घाट सुरू होतो, आणि गाडी चढते आहे. "बघ, बघ, धाप लागत नाहीये तिला!" तुम्ही ओरडून सांगता. तुम्हाला इतकं मोठ्याने बोलताना मी फारसं ऐकलेलं नाही. अर्धा घाट चढल्यावर मला पेट्रोलचा वास येतो. तुम्ही गाडी कडेला घेता, मी चाकामागे दगड लावते, तुम्ही बॉनेट उघडता. पंपाकडच्या बाजूचा नट पाझरतो आहे आणि थेंब पडतो आहे तो सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाच्या अगदी शेजारी. इंजिन जरा निवल्यावर तुम्ही पाना दोन्ही हातांनी धरता. पाना थरथरतो. "झालं," तुम्ही म्हणता, आणि तो पुन्हा माझ्यापुढे करता.

या वेळी मी तो घेतला. नट सहज फिरला, चांगला पाव फेरा.

तुम्ही दरीकडे बघत होतात. "बरेच दिवस असं होतंय," म्हणालात. "शर्टाची बटणंसुद्धा. आईला सांगू नकोस."

ज्या माणसाने आयुष्यात कधी "मला जमत नाही" म्हटलं नव्हतं, त्याने नियमाच्या आडून का होईना, सकाळी मदत मागितली होती. मी त्याला मान दिला आणि मदत दिली नाही.

"आता गळणार नाही," मी म्हणाले.

"मग? जायचं वर?" तुम्ही मला विचारलंत. गाडी तुमची, आणि विचारत होतात मला.

"परत फिरू. पेपर तपासायचे आहेत."

तुम्ही मान हलवलीत आणि गाडी वळवलीत. घरी आईला सांगितलंत, "मस्त चढली." खंडाळ्यापर्यंत पोचलो का, ते तिने विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात गाडी पुण्याला गेली. डॉक्टरांनी कंपवाताचं नाव घेतलं ते नंतर, आणि त्याच्याही नंतर मी तुम्हाला चमच्याने भात भरवायची. तेव्हाही घाटाचा विषय तुम्ही काढला नाहीत. काढला असतात तर बरं झालं असतं. नट घट्ट होता, इंजिन ठीक होतं, खंडाळा थोड्याच वळणांवर होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा खरं तेच लिहिते. पेपर होते, पण ते सोमवारीही तपासता आले असते. मला भीती वाटली ती स्टिअरिंगवरच्या तुमच्या हातांची. उतारावरही गाडी त्याच हातांत होती, हे माझ्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर.