सातचा आकडा

कुवेत,
गुरुवार, १० मे १९५१

शहरबानू हीस जाफरचा सलाम. सफियाला आणि तिच्या बाळाला दुआ.

मी बरा आहे. गुडघा तसाच आहे. तू पाठवलेली आमसुलं आणि सुके बांगडे महबूब तांडेलाकडून पोचले. बरणीचं झाकण सैल होतं, पुढच्या वेळी वर फडकं बांध.

हे पत्र फखरुन्निसाकडून वाचून घेऊ नकोस. ती वाचते तेव्हा अर्धी वाडी ओटीवर येऊन बसते. सफियाकडून घे, दार लावून.

आमच्या कचेरीत दोन गोऱ्या साहेबांचं बिनसलं आहे. थोरले साहेब म्हणतात, डॉक्टर साहेबांनी कामात कसूर केली. डॉक्टर म्हणतात, केली नाही. दोघांच्या खोल्या समोरासमोर, पण बोलत नाहीत, एकमेकांना पत्रं लिहितात. ती मीच नेतो. दिवसाला चार चार खेपा होतात. आतली इंग्रजी मला वाचता येत नाही. कशाबद्दल आहे ते माहीत आहे.

मागच्या आठवड्यात मंगळवारी इराणकडून एक गलबत आलं. त्यावर एकाला देवी निघाल्याचा संशय होता. अशा वेळी डॉक्टर बघून जाईपर्यंत कोणाला उतरू देत नाहीत. थोरल्या साहेबांनी सकाळीच डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. डॉक्टर गलबतावर पोचले दुपारी. तोवर चाळीस माणसं उन्हात, पाणी संपलेलं. एक म्हातारा गेला. देवीने नाही, उन्हाने. माझ्याच वयाचा होता म्हणतात.

चिठ्ठी पोचवली की वहीत सही घ्यायची आणि वेळ मांडायची. डॉक्टर सही करतात, वेळ मी लिहितो. इंग्रजी आकडे त्यांनीच मला शिकवले, टेबलाशी उभं करून. म्हणाले, जाफर, वेळ तू लिहीत जा, मला बघायची गरज नाही. तेव्हा मी तुला हे दोन पत्रांत कळवलं होतं.

त्या मंगळवारी मी सात लिहिले.

नातीचं मुनिरा नाव चांगलं ठेवलं. तीन महिने तुझं पत्र नव्हतं, सफियाचे दिवस भरत आलेले, मला घास जात नव्हता. त्या सकाळी डॉक्टर धक्क्यापलीकडच्या दवाखान्यात होते; चिठ्ठी घेऊन निघालो तर धक्क्याला महबूबचं गलबत लागलेलं. त्याने तुझं पत्र दिलं. म्हटलं, एवढं वाचतो आणि जातो. मग तिथेच बसलो. नातीचं सगळ्या खलाशांना सांगत सुटलो. चहा झाला, जेवण झालं. सफिया, तू हे वाचते आहेस, यात तुझा काही दोष नाही. दोष माझा.

उठलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. डॉक्टर आत रुग्ण तपासत होते, टेबलावर सकाळचे कागद पडलेले. मी चिठ्ठी त्या कागदांखाली सरकवली. डॉक्टर आले, सगळ्याची सही एकदम केली, मग चिठ्ठी दिसली. टोपी न घेता धावले. ते गेल्यावर मी सातचा आकडा काढला. घाईत नाही. विचार करून.

आता थोरले साहेब वही पुढे करतात. काल डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, चिठ्ठी वरच ठेवली होती ना? मी म्हटलं, हो साहेब. ते म्हणाले, "तू खोटं कशाला लिहिशील? माझीच नजर गेली नसेल." आणि एक पाकीट माझ्या हातात दिलं. म्हणाले, चूक कबूल केली आहे, सकाळी सात वाजता थोरल्या साहेबांना दे.

ते पाकीट माझ्या खिशात आहे. पुन्हा खिशात चिठ्ठी घेऊन मी महबूबच्या गलबतावर बसलो आहे. पावसाआधीची ही त्याची शेवटची खेप. हे पत्र त्याच्या हातात देतो, मग वही घेऊन थोरल्या साहेबांकडे जातो. पाकीट देण्याआधी तो सात खोडून खरी वेळ लिहीन आणि खाली माझं नाव. पत्र गेलं की तुला कळणारच, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. म्हणून तुला आधी.

नोकरी जाईल. समुद्र उघडला की येईन. लोक विचारतील का आला, तर काय सांगायचं ते तू ठरव. मी जे झालं तेच सांगेन.

तुझा,
जाफर

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. वेळ महबूबच्या घड्याळात बघून लिहिली आहे.